तेल चढावर गेलं

न्यू बेडफर्ड उतारावर वसलं आहे, आणि इथे पूर्वी कोण कुठे राहत असे हे कळायला नकाशा लागत नाही. सगळ्यात खाली, अकुशनेट नदीच्या मुखाशी धक्के. त्यांच्या वर दोर, शिडं, पिंपं, लोखंड विकणाऱ्यांची कोठारं. आणखी वर पेढ्या, बँका आणि विम्याच्या कचेऱ्या. चढ संपतो तिथे माथ्यावरून काउंटी स्ट्रीट जातो, आणि त्या रस्त्यावर जहाजमालकांची घरं आणि त्यांच्या बागा. बंदरावर नजर ठेवता येईल इतक्या जवळ, पिंपाचा वास नाकात बसणार नाही इतक्या लांब.

वास होताच. मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला देवमाशांच्या शिकारीचं जगातलं पहिल्या नंबरचं बंदर होतं. १८५७ साली इथली ३२९ जहाजं समुद्रावर होती आणि त्यांच्यावर दहा हजारांच्या आसपास माणसं. धक्क्यावर तेलाची पिंपं ओळीने मांडलेली असत. उन्हाने लाकूड आकसून तेल गळू नये म्हणून त्यांच्यावर समुद्रातलं शेवाळ पसरून ठेवत. शहराच्या मुद्रेवर लॅटिन ब्रीद आहे, लुसेम डिफुन्डो, म्हणजे मी प्रकाश पसरवते. हे खरंही होतं. अमेरिकेतली दीपगृहं आणि दिवाणखाने या गावाच्या तेलावर उजळत, आणि कापड गिरण्यांच्या चात्यांनाही हेच तेल लागे.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत: खाली व्हेलिंग म्युझियम, वर रॉच-जोन्स-डफ घराण्यांची हवेली आणि बाग. इतिहासाची आवड असलेले पहिलीकडे वळतात, गुलाबांची आवड असलेले दुसरीकडे. माझं म्हणणं असं, की दोन्ही एकाच दिवशी पाहाव्यात, पायी, आणि खालून वर या क्रमानेच. उलट्या क्रमाने गेलात तर बाग नुसती बाग राहते.

आम्ही बॉस्टनहून आगगाडीने गेलो. ही गाडी नवी आहे; २४ मार्च २०२५ला सुरू झाली. त्याआधी सहा दशकांहून अधिक काळ या शहराला प्रवासी गाडीच नव्हती. आम्ही म्हणजे मी आणि उन्हाळ्यासाठी रत्नागिरीहून आलेली माझी थोरली बहीण. ताईची सगळी नोकरी बँकेत झाली. ती देवळात गेली तरी आधी देणगीदारांचा फलक वाचते. अशा माणसाला न्यू बेडफर्ड दाखवावं.

म्युझियमच्या दारातून आत शिरलं की डोक्यावर सांगाडे. त्यातला सगळ्यात मोठा, सहासष्ट फुटी, निळ्या देवमाशाचा आहे, आणि तोही अजून वयात न आलेल्या नराचा. १९९८ साली एका तेलवाहू जहाजाची त्याला धडक बसली, आणि त्याचं कलेवर ऱ्होड आयलंडच्या खाडीपर्यंत येऊन पोचलं. हाडं साफ करून २००० साली इथे टांगली. म्युझियमने त्याचं नाव कोबो ठेवलं आहे. इतकी वर्षं झाली तरी त्या हाडांतून तेल पाझरतं. खाली थेंब झेलायला एक काचेचं भांडं लावून ठेवलं आहे, आणि जवळ उभं राहिलं की एक जुनाट, खवट वास येतो.

"आमच्या झाडगावच्या मत्स्यालयात पण आहे की सांगाडा," ताई म्हणाली. मग त्या भांड्याकडे वाकून बघत, "पण हे तेल कोणाच्या खात्यावर जमा करतात?"

शेजारी रेना आहे, उत्तर अटलांटिक राइट व्हेल जातीची मादी. तीही जहाजाच्या धडकेनेच गेली, २००४ साली, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ. ती गाभण होती. तिच्या सांगाड्यासोबत पोटातल्या पिल्लाचा सांगाडाही टांगलेला आहे. ही जात संथ पोहणारी आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारी, त्यामुळे शिकाऱ्यांनी तिच्यावर आधी हात मारला. आज ती चारशेच्याही खाली उरली आहे. भाले गेले, आता तिला मारतात ती जहाजांची नाकाडं आणि शेवंड-खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर. २००८पासून ठरावीक मोसमात आणि ठरावीक पट्ट्यांत मोठ्या जहाजांना दहा नॉट्सची वेगमर्यादा आहे. शिकारीच्या म्युझियमने दारातच शिकार बंद झाल्यानंतरचे बळी टांगावेत, हा निर्णय मला धाडसाचा वाटतो.

मुख्य दालनात 'लगोडा' उभं आहे. जोनाथन बोर्न नावाच्या जहाजमालकाचं हे सगळ्यात भाग्यवान जहाज. त्याच्या मुलीने, एमिली बोर्नने, वडिलांच्या स्मरणार्थ ही इमारत बांधून दिली आणि आत त्या जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती करवून घेतली. ते साल १९१६, म्हणजे धंदा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हाचं. प्रतिकृती ८९ फूट लांब आहे, शिडं-दोरांसकट, आणि तिच्यावर चढता येतं. शाळेतली मुलं धावत चढतात. मधोमध विटांची भट्टी, तीत दोन कढया. लाकडी जहाजावर, भर समुद्रात, पेटती भट्टी. भट्टीखाली पाण्याचा हौद ठेवत, नाहीतर तळ जळून जहाजच गेलं असतं.

काम कसं चाले ते इथे उभं राहून नीट समजतं. डोलकाठीवरच्या माणसाला फवारा दिसला की लहान होड्या खाली सोडत. एका होडीत सहा जण. पुढे बसलेला हार्पून मारी. त्याने देवमासा मरत नसे, नुसता दोराने बांधला जाई. जनावर पळे आणि होडी त्याच्यामागे फरफटत जाई. ते दमलं की होडीतला अधिकारी मागून पुढे येई आणि लांब भाला फुफ्फुसात खुपसून फिरवी. फवारा लाल झाला की काम झालं. मग कलेवर जहाजाच्या कुशीला बांधून चरबीचा पट्टा काढायचा, वर कप्पीने ओढत, खाली धड फिरवत. पट्ट्याचे तुकडे करून कढईत. पहिल्यांदा पेटवायला लाकूड, नंतर सरपण म्हणून तळून उरलेला चरबीचा चोथाच. म्हणजे देवमाशाला त्याच्याच चरबीवर कढवत. स्पर्म व्हेल असेल तर डोक्यातल्या पोकळीतून स्पर्मासेटी हे मेणट द्रव्य बादल्यांनी उपसून काढायचं. त्याच्या मेणबत्त्या शुभ्र, ताठ, धूर न करणाऱ्या. श्रीमंतांच्या घरी त्याच जळत. मोठ्या नरापासून सत्तर-ऐंशी पिंपं तेल निघे. दोन-तीन दिवस रात्रंदिवस कढणं, आणि डेकवर चालताना पाय घसरणं.

लगोडा फार स्वच्छ आहे, ही माझी तिच्याबद्दलची एकच तक्रार. लाकूड पॉलिश केलेलं, पितळ घासलेलं, कढया कोरड्या. मुलीने वडिलांची आठवण अशी लखलखीत ठेवावी हे स्वाभाविक आहे. पण कोबोच्या हाडांतला तो एक थेंब या सगळ्या जहाजापेक्षा जास्त सांगतो.

ताई रमली ती मात्र कागदांत. देवमाशाच्या जहाजावर कोणाला पगार नसे, हिस्सा असे. आपल्याकडे रापणीच्या मासळीचे वाटे पडतात तसं वरवर वाटतं, पण रापणीत वाटे किनाऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. इथे तीन-चार वर्षांच्या सफरीनंतर मालकाच्या कचेरीत, मालकाच्या वहीतून. कप्तानाला साधारण पंधरावा-सोळावा हिस्सा मिळे, नवख्या खलाशाला दीडशेवा, पावणेदोनशेवा, कधी दोनशेवा. ३ जानेवारी १८४१ला समोरच्या फेअरहेवनहून 'अकुशनेट' जहाजावर निघालेल्या हर्मन मेलव्हिलचा हिस्सा १७५वा होता. दीड वर्षाने तो मार्केसस बेटांवर जहाज सोडून पळाला, आणि दहा वर्षांनी त्याने 'मोबी-डिक' लिहिली. दर जानेवारीत याच म्युझियममध्ये ती कादंबरी अखंड वाचली जाते. पंचवीस तास लागतात. लोक उशा-पांघरुणं घेऊन येतात.

"एकशे पंचाहत्तरातला एक? आणि खर्च?" ताईने विचारलं.

"आधी वजा. शिवाय जहाजावरच्या पेटीतून घेतलेले कपडे, तंबाखू, आणि निघताना घेतलेली उचल व्याजासकट."

"म्हणजे चार वर्षांनी माणूस उतरायचा तो कर्ज घेऊनच."

बऱ्याच जणांचं तसंच होई. काही उतरतच नसत; कर्ज फेडायला पुढच्या जहाजावर चढत. अमेरिकन पोरं अशा कामाला कंटाळली तशी मालकांनी माणसं अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवरून उचलली. दोन्ही तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यातली. ती माणसं इथे राहिली, त्यांनी भाऊबंद आणले, आणि आज शहराच्या निम्म्या पाट्यांवर पोर्तुगीज आडनावं आहेत. त्यांच्यासाठी म्युझियमने वेगळी दालनं केली आहेत.

म्युझियमचा खरा खजिना बाहेर मांडलेला नाही. तो आहे जहाजांच्या रोजनिशांचा. अशा अडीच हजारांच्या आसपास वह्या इथे आहेत. रोज वारा, दिशा, अक्षांश-रेखांश. आणि ज्या दिवशी शिकार झाली त्या दिवशी समासात देवमाशाचा शिक्का. शिक्क्याच्या पोटात पांढरी जागा सोडलेली, तीत किती पिंपं तेल निघालं तो आकडा. हातचा निसटला तर नुसत्या शेपटीचा शिक्का. एखाद्या पानावर पाच-सहा शिक्के रांगेने दिसतात, आणि खालच्या ओळीत अक्षर आधीच्या दिवशी होतं तितकंच शांत असतं. हवामानाचे अभ्यासक हल्ली या वह्या उघडतात, कारण दीडशे वर्षांपूर्वी आर्क्टिकचा बर्फ कुठवर होता आणि वारे कुठून वाहत होते हे इतक्या सलगपणे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं नाही.

१९३५ साली चार्ल्स टाउनसेंड या प्राणिशास्त्रज्ञाने अशा वह्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक शिकारी जगाच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या. त्या ठिपक्यांत आपला अरबी समुद्रही आहे. अमेरिकनांनी तिथे तुलनेने थोडंच मारलं. मोठा घाव नंतर बसला, आणि तो घालणारे सोव्हिएत होते. १९६६च्या नोव्हेंबरात त्यांच्या कारखाना-जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत दोनशेहून अधिक हंपबॅक मारले आणि आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे कळवले. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आले. अरबी समुद्रातला हा हंपबॅक स्थलांतर करत नाही, वर्षभर इथेच राहतो, आणि इतर हंपबॅकांपासून तो हजारो वर्षं वेगळा पडलेला आहे. आज ओमानजवळ त्यातले शंभरही नसावेत असा अंदाज आहे. न्यू बेडफर्डचे व्यापारी निर्दय होते, पण त्यांनी आकडा लपवला नाही. आकडा हाच त्यांचा देव होता.

आपल्याकडे देवमासा बातमीत येतो तो दोनच वेळा. एकदा गणपतीपुळ्यात आला, २०२३च्या नोव्हेंबरात: वाळूत रुतलेलं पिल्लू, ते खोल पाण्यात न्यायला शर्थ करणारी माणसं, आणि तरीही न वाचलेलं ते. दुसऱ्या वेळी 'व्हेलच्या उलटी'सह अमुक जणांना अटक. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा अंबर अत्तरवाल्यांना हवा असतो, आणि वन्यजीव कायद्याखाली तो बाळगणं-विकणं गुन्हा आहे. ताईच्या गल्लीतल्या एकाला म्हणे किनाऱ्यावर सापडलेला मेणाचा गोळा अंबर समजून चार रात्री झोप नव्हती.

म्युझियमसमोरच सीमेन्स बेथेल हे खलाशांचं प्रार्थनाघर आहे, १८३२चं. भिंतींवर संगमरवरी पाट्या: अमुक, वय अठरा, दोरात अडकून समुद्रात ओढला गेला, तमुक, डोलकाठीवरून पडला. कबर नाही, फक्त पाटी. यात पुढे मासेमारीत बुडालेल्यांचीही भर पडली. जहाजाच्या नाळेसारखं व्यासपीठ मात्र 'मोबी-डिक' कादंबरीत होतं, इथे कधीच नव्हतं. १९५६ साली तिच्यावरचा जॉन ह्यूस्टनचा सिनेमा आला, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक जण नाळ कुठे आहे म्हणून विचारू लागला. अखेर १९६१ साली विश्वस्तांनी ती करून बसवली. आता तिच्यासमोर फोटो काढायला रांग असते.

इथून चढ लागतो, आणि चढाबरोबर प्रश्नही अवघड होत जातात. ज्यांनी हा धंदा उभा केला ते क्वेकर होते. युद्ध पाप, शपथ पाप, दिखावा पाप, गुलामगिरी महापाप. जोसेफ रॉच १७६५ साली नॅन्टकेट बेटावरून इथे आला आणि गावाचं नशीब पालटलं. इथे बांधलेलं त्याचं पहिलं जहाज 'डार्टमथ'. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात ज्या जहाजांवरचा ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात फेकला गेला त्यांतलं ते एक. भाडं मिळत होतं म्हणून त्यांनी कंपनीचा चहा भरला होता, एवढंच. जोसेफच्या मुलाने, विल्यम रॉचने, १७७०च्या आसपास आपल्या जहाजावरून परतलेल्या प्रिन्स बॉस्टन नावाच्या गुलामाचा हिस्सा त्याच्या मालकाला न देता थेट त्याच्या हातात ठेवला. मालक कोर्टात गेला आणि हरला. नॅन्टकेटवरची गुलामगिरी तिथून संपत आली.

म्हणूनच १८३८च्या सप्टेंबरात मेरीलँडहून पळालेला एक विशीतला तरुण आपल्या नव्या बायकोसह या गावात आला. सातव्या रस्त्यावरच्या नेथन आणि पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय जोडप्याने त्यांना आसरा दिला. त्याच घरात त्याने डग्लस हे आडनाव घेतलं. जगाला तो फ्रेडरिक डग्लस म्हणून माहीत आहे. घर अजून उभं आहे. बाल्टिमोरला तो जहाजांच्या फटी बुजवण्याचं काम शिकला होता. इथे एका जहाजमालकाने ते काम दिलंही, पण गोरे कारागीर म्हणाले, हा आला तर आम्ही हत्यारं ठेवतो. मग त्याने लाकडं फोडली, कोळसा उपसला, तेलाची पिंपं चढवली. स्वतःच्या कमाईचा पैसा स्वतःच्या खिशात, याचाच त्याला आनंद झाला. याच गावात लुईस टेम्पल या कृष्णवर्णीय लोहाराने १८४८ साली असा हार्पून घडवला, की त्याचं टोक मांसात शिरल्यावर आडवं फिरून अडकून बसे. निसटणारे देवमासे निसटेनासे झाले. त्याने पेटंट घेतलं नाही. नफा वरच्या रस्त्यावर गेला, आणि टेम्पल वारला तेव्हा घरात कर्ज होतं.

ज्या पैशाला समुद्राचा कंटाळा आला, तो कापडात गेला. १८४६ साली वॉमसुटा गिरणीची स्थापना झाली. गुलामगिरीविरोधी सभा भरवणाऱ्या शहरात गुलामांनी वेचलेला कापूस सुतात कातला जाऊ लागला. आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते. १८६१ साली यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं कोंडायचं ठरवलं. न्यू बेडफर्डची जुनी शिकारी जहाजं विकत घेतली, पोटात दगड भरले, आणि कापसाच्या निर्यातीचं मोठं बंदर असलेल्या चार्ल्सटनच्या तोंडाशी ती बुडवली. दगडांच्या आरमाराने फारसं साधलं नाही. लाकूड किड्यांनी खाल्लं, पाण्याने नवी वाट काढली. पण एकूण नाकेबंदी टिकली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईची ती तेजी, बॅकबे कंपनीचे शेअर, १८६५ची धूळधाण, हे सगळं मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या तेजीतल्या प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला. पैसा कुठल्याही बंदरातला असो, तो शेवटी उंच जागा शोधतो.

देवमाशाच्या धंद्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात जमिनीतून तेल निघालं आणि रॉकेलने दिवे जिंकले. १८६५च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या 'शेनान्डोआ' या युद्धनौकेने बेरिंगच्या समुद्रात शिकारी जहाजं जाळली, युद्ध संपलं होतं तरी. १८७१ साली अलास्काच्या उत्तरेला बर्फाने ३३ जहाजं पकडली; १,२१९ माणसं होड्यांतून सुटली, एकही मेला नाही, पण २२ जहाजं एकट्या न्यू बेडफर्डची होती. पुढची काही दशकं बायकांच्या कमरेने धंदा तगवला: देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या लवचिक पट्ट्या कॉर्सेटला लागत. मग पोलाद आलं आणि फॅशनही बदलली. तेल मात्र चिवट. १९७०च्या आसपास अमेरिकेने स्पर्म व्हेलच्या तेलावर बंदी घालेपर्यंत ते मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये वापरात होतं.

दुपारी एका पोर्तुगीज खानावळीत जेवलो. कोबीसारख्या हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप, गोडसर पाव, आणि इथल्या बोटींनी आणलेले स्कॅलप. या शिंपल्यांच्या जोरावर न्यू बेडफर्ड गेली कित्येक वर्षं मालाच्या किमतीत अमेरिकेतलं अव्वल मासेमारी बंदर आहे. मेन्यूवर शोरिसू होता. गोव्याच्या चोरिसाचा हा चुलतभाऊ, पण तितका तिखट-आंबट नसलेला. ताईने स्कॅलप चाखून निकाल दिला, "आपल्या खाडीतल्या मुळ्यांना चव जास्त." वाद घातला नाही.

जेवून माथ्यावर. रॉच-जोन्स-डफ हवेली अख्खा एक चौक व्यापून आहे. १८३४ साली विल्यम रॉच धाकट्याने ती बांधली तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. घराचा आराखडा रिचर्ड अपजॉन या तेव्हाच्या नवशिक्या वास्तुकाराचा. पुढे न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च त्यानेच बांधलं. अठ्ठावीस खोल्या, ग्रीक धाटणीचे खांब, आणि छपरावर एक काचेची खोली, जिथून बंदर दिसे. साधेपणाची शिकवण आणि अठ्ठावीस खोल्या यांचा मेळ कसा घालायचा? भिंतींचा रंग सौम्य ठेवायचा, आणि उरलेली हौस बाहेर बागेत भागवायची. क्वेकरांना संगीत-नाटक वर्ज्य होतं, चित्रांबद्दलही संशय. झाडं मात्र चालत. झाड लावणं म्हणजे देवाच्या सृष्टीचा अभ्यास. अमेरिकेतला पहिल्या पिढीचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्राम याच पंथातला. त्यामुळे जो पैसा झुंबरात किंवा पियानोत दिसला असता तो काउंटी स्ट्रीटवर गुलाब, नासपती आणि काचघरांतल्या द्राक्षांत दिसू लागला.

बाग आज तीन घराण्यांच्या थरांची आहे. बॉक्सवुडच्या बुटक्या कुंपणांनी आखलेले भौमितिक वाफे, त्यात गुलाब. मध्ये लाकडी जाळीचा मांडव. एका बाजूला फुलदाणीसाठी फुलं कापायची बाग. पलीकडे सावलीतून जाणारी रानफुलांची वाट. जूनमध्ये आलात तर गुलाब भरात असतात. ताई वाकून बॉक्सवुडचा वास घेऊन पटकन मागे झाली. त्याला मांजराच्या मुताचा वास येतो, हे बागांवरची पुस्तकं सहसा सांगत नाहीत.

रॉचनंतर १८५१ साली हे घर एडवर्ड कॉफिन जोन्सने घेतलं. तोही देवमाशावरच मोठा झालेला. त्याची मुलगी अमेलिया इथेच वाढली, लग्न न करता इथेच राहिली आणि १९३५ साली वारली. ऐंशीहून अधिक वर्षं एका घरात. ती लहान असताना खालच्या धक्क्यावर शेकडो डोलकाठ्या होत्या. ती म्हातारी झाली तोवर एकही शिकारी जहाज उरलं नव्हतं. शेवटचं मोठं जहाज 'वाँडरर' १९२४ साली निघालं आणि वादळात जवळच्या कटीहंक बेटाच्या खडकांवर फुटलं. मग आला मार्क डफ, कोळसा आणि तेलाच्या धंद्यातला. डफ मंडळींनी बाग पुन्हा आखून घेतली, ट्यूलिप लावले. १९८१ साली वारसा जपणाऱ्या स्थानिक संस्थेने वास्तू घेतली आणि ती लोकांना खुली झाली. एकाच वाफ्यात आधी देवमाशाचं तेल आणि मग जमिनीतलं तेल मुरलेलं आहे.

हे माझं वाक्य झालं. वाफ्यांजवळच्या पाट्यांवर असं काही नाही. तिथे झाडांची आणि गुलाबांची नावं आहेत. घरातल्या खोल्यांत कुटुंबांची माहिती चांगली दिली आहे, पण बागेत उतरलं की देवमासा नाहीसा होतो. म्युझियमने जो प्रामाणिकपणा दारातच टांगला आहे, त्यातला चिमूटभर इथे आणला तर गुलाबांचं काही बिघडणार नाही. मेलव्हिलने तरी ते पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवलं: या बागांचं मूळ त्याने समुद्राच्या तळाशी शोधलं.

त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा शेजारचीच बाग असावी. काउंटी स्ट्रीटवरच जेम्स अर्नल्ड राहत असे, देवमाशावर श्रीमंत झालेला व्यापारी, विल्यम रॉच धाकट्याचा जावई. त्याची आणि त्याच्या बायकोची, सेरा रॉचची, बाग त्या काळी गावाचं भूषण होती. आत शंख-शिंपल्यांनी मढवलेली गुहा, वळणावळणाच्या वाटा, दुर्मीळ झाडं. आणि ते रविवारी फाटक उघडं ठेवत. धक्क्यावरच्या हमालालाही आत फिरता येई. ती बाग आता नाही. शहर वाढलं, प्लॉट पडले, हवेलीचा पुढे क्लब झाला. आम्ही समोरच्या फुटपाथवरून तिच्याकडे बघत उभे होतो तेव्हा ताईने विचारलं, "मुलंबाळं नव्हती का? इस्टेट गेली कुठे?"

बँकेतल्या माणसाचा अचूक प्रश्न. मुलगी होती, ती आधी गेली. १८६८ साली अर्नल्ड वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात एक लाख डॉलरहून मोठी रक्कम शेती-बागायतीच्या सुधारणेसाठी विश्वस्तांच्या हवाली केली होती. विश्वस्तांनी १८७२ साली ती हार्वर्ड विद्यापीठाला दिली, आणि तिच्यातून बॉस्टनचं अर्नल्ड आर्बोरेटम उभं राहिलं. आमच्या घरापासून ते फार लांब नाही. मे महिन्यातल्या 'लायलॅक संडे'ला बॉस्टनकर तिथे लोटतात, त्यात आपली मराठी मंडळीही डबे घेऊन असतात. २८१ एकर, जगभरची झाडं, आणि प्रवेशाला एक पैसाही नाही.

"जागा हार्वर्डची?" ताईने गाडीत बसल्यावर पुन्हा विषय काढला.

जागा शहराची आहे. १८८२ साली हार्वर्डने ती बॉस्टनला दिली आणि शहराने ती परत हार्वर्डला भाडेपट्ट्याने दिली. मुदत हजार वर्षं, भाडं वर्षाला एक डॉलर, आणि मुदत संपल्यावर आणखी हजार वर्षांनी वाढवून घेण्याची सोय.